नवे संकेतस्थळ उभारताना: स्टॅटिक साइट की वर्डप्रेस?

वाचनालय, गिर्यारोहण मंडळ, छोटा दिवाळी अंक किंवा तालुक्याच्या बातम्या देणारे पोर्टल, यांपैकी कशासाठीही संकेतस्थळ करायचे ठरले की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवण्याचे सॉफ्टवेअर टाका. या सल्ल्यामागे आधार आहे, कारण जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात आणि त्याची माहिती असणारा माणूस कोणत्याही शहरात सापडतो. तरीही हा सल्ला देण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो सहसा विचारला जात नाही: हे संकेतस्थळ पाच वर्षांनी कोण सांभाळणार आहे? स्टॅटिक साइट (म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या पानांची साइट) आणि वर्डप्रेस यांची तुलना वेगाच्या किंवा आधुनिकतेच्या नव्हे, तर प्रामुख्याने याच प्रश्नाच्या आधारे करावी, असे माझे ठाम मत आहे. पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

आधी समजून घ्या: पान तयार केव्हा होते

वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांसारख्या आशय व्यवस्थापन प्रणालींमध्ये लेखाचा मजकूर डेटाबेसमध्ये साठवलेला असतो. वाचकाने दुव्यावर क्लिक केले की सर्व्हरवरील पीएचपी या भाषेतील प्रोग्रॅम जागा होतो, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसकडून शीर्षक, मजकूर, मेनू, लेखकाचे नाव अशा गोष्टी मागवतो, त्या थीमच्या, म्हणजे साइटचे रूप ठरवणाऱ्या साच्यात बसवतो आणि तयार झालेले पान वाचकाच्या ब्राउझरकडे पाठवतो. पुढच्या वाचकासाठी हेच सगळे पुन्हा घडते. म्हणजे पान मागणीनुसार, त्या क्षणी तयार होते.

स्टॅटिक साइटमध्ये हे काम प्रकाशनाच्या वेळी एकदाच केले जाते. लेख साध्या फाइलींमध्ये लिहिलेले असतात. ह्यूगो, जेकिल, इलेव्हंटी यांसारखे साधन त्या फाइली वाचून सर्व पाने आधीच तयार करून ठेवते आणि सर्व्हर केवळ ती जशीच्या तशी वाचकाला देतो. वितरणाच्या वेळी डेटाबेस नसतो आणि पीएचपीही नसते. छापून तयार असलेला अंक मागणाऱ्याच्या हाती ठेवावा, तसा हा व्यवहार आहे.

बाकीचे जवळजवळ सर्व फरक या एका गोष्टीतून निघतात. वर्डप्रेसवर हजारो वाचक एकाच वेळी आले तर पीएचपी आणि डेटाबेस यांच्यावर ताण पडतो आणि स्वस्त सामायिक होस्टिंगवर (म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक साइट ठेवणाऱ्या सेवेवर) साइट बंदही पडते. यावर उपाय म्हणून जे कॅशिंगचे प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) वापरतात, ते तयार झालेल्या पानाची प्रत साठवून पुढच्या वाचकाला तीच देतात; म्हणजेच स्टॅटिक साइट जे मुळातच करते, ते वर्डप्रेसमध्ये वरून जोडावे लागते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. स्टॅटिक साइटमध्ये एका शब्दाची दुरुस्ती करायची असली तरी पाने पुन्हा तयार करून चढवावी लागतात, तर वर्डप्रेसमध्ये मोबाइलवरून लॉगिन करून ती दुरुस्ती बसल्या जागी करता येते.

सुरक्षिततेचा फरकही येथूनच येतो. डेटाबेसशी बोलणारा प्रोग्रॅम चोवीस तास इंटरनेटवर उघडा असेल, तर त्यातील प्रत्येक त्रुटी बाहेरच्या माणसासाठी दार ठरू शकते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ मध्ये अशी त्रुटी जाहीर झाली, तेव्हा ड्रुपलच्या सुरक्षा पथकानेच सांगितले की घोषणेनंतर सात तासांच्या आत दुरुस्ती केली नसेल, तर साइट हल्लेखोरांच्या हाती गेली असे गृहीत धरावे. वर्डप्रेस ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांमधील अशाच एका त्रुटीचा फायदा घेऊन फेब्रुवारी २०१७ मध्ये असंख्य साइटवरील लेखांचा मजकूर बदलला गेला, ज्यांनी ४.७.२ ही आवृत्ती वेळेवर घेतली होती, ते वाचले. वर्डप्रेस असुरक्षित आहे, असा याचा अर्थ नाही. वर्डप्रेसला सतत लक्ष देणारा माणूस लागतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पहिली पायरी: चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा

कोणतेही साधन उतरवून घेण्यापूर्वी संबंधितांना एकत्र बसवून चार गोष्टी ठरवाव्यात. मजकूर किती वेळा बदलणार आहे? लिहिणारे किती जण आहेत आणि त्यांना संगणकाची किती सवय आहे? वाचकाकडून काही परत घ्यायचे आहे का, म्हणजे वर्गणी, मागणी, प्रतिक्रिया, सदस्यांचे लॉगिन? आणि सध्या हे काम हौसेने करणारा माणूस उद्या नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेला, तर साइटचे काय होईल?

दिवाळी अंकाचे उदाहरण घेऊ. मजकूर वर्षातून एकदा येतो, वाचक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदम वाढतात आणि मग अकरा महिने साइटकडे कोणी फारसे पाहत नाही. वर्डप्रेससाठी हेच अकरा महिने धोक्याचे असतात, कारण त्या काळात प्लगइनच्या नव्या आवृत्त्या येत राहतात आणि त्या बसवायला कोणी नसते. जुने अंक तर कायम वाचायला मिळावेत अशी अपेक्षा असते. अशा कामासाठी स्टॅटिक साइट अतिशय योग्य आहे.

तालुक्याच्या बातम्यांचे पोर्टल याच्या अगदी उलट आहे. दिवसातून अनेक बातम्या, चार-पाच वार्ताहर, बहुतेक जण फोनवरून लिहिणारे, आणि छायाचित्रे घटनास्थळावरून चढवावी लागणारी. येथे वर्डप्रेसच घ्यावे. स्टॅटिक साइटचा आग्रह धरला तर सगळा भार एका तांत्रिक माणसावर पडेल आणि तो रजेवर गेला की बातम्या थांबतील.

दुसरी पायरी: डोमेन आपल्या नावावर, मजकूर युनिकोडमध्ये

ही पायरी दोन्ही पद्धतींना समान आहे आणि ती सर्वांत जास्त टाळली जाते. डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरील पत्ता, साइट बनवून देणाऱ्या व्यक्तीच्या नावावर नव्हे, तर संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदवावे. अनेक संस्थांचे डोमेन बनवणाऱ्याच्या खात्यात अडकलेले असते आणि त्याचा फोन लागेनासा झाला की वर्षानुवर्षे वापरलेला पत्ता हातचा जातो. डोमेन एका ठिकाणी आणि होस्टिंग दुसऱ्या ठिकाणी ठेवले तरी काही बिघडत नाही. उलट होस्टिंग बदलणे सोपे होते.

मराठी प्रकाशकांसाठी दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. जुने अंक पेजमेकरमध्ये श्रीलिपी किंवा तत्सम, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची संकेतपद्धती) नसलेल्या फॉण्टमध्ये लावलेले असतील, तर तो मजकूर कॉपी करून साइटवर टाकल्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. असा मजकूर आधी परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर मुद्रितशोधन करावे, कारण परिवर्तनात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्या जागा हमखास चुकतात. या कामाला साइट उभारण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे वेळापत्रकात आधीच धरावे.

तिसरी पायरी: स्टॅटिक साइट करून पाहा

नवख्यांना मी ह्यूगो सुचवतो. जेकिल २००८ पासून आहे आणि उत्तम आहे, पण त्यासाठी रूबी ही भाषा संगणकावर बसवावी लागते आणि विंडोजवर अनेकांचा उत्साह तिथेच संपतो. ह्यूगो २०१३ मध्ये आले. ते गो भाषेत लिहिलेले असून एकाच फाइलच्या स्वरूपात मिळते आणि शेकडो पाने काही सेकंदांत तयार करते. त्याच्या नेहमीच्या आणि विस्तारित अशा दोन आवृत्त्या असतात. अनेक थीमना विस्तारित आवृत्ती लागते, म्हणून तीच घ्यावी. थीम निवडताना तिला ह्यूगोची किमान कोणती आवृत्ती हवी आहे, हे तिच्या माहितीपानावर पाहावे.

ह्यूगोबरोबर गिट बसवावे आणि गिटच्या फाइली इंटरनेटवर ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळावर खाते उघडावे. गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवते; कोणता परिच्छेद कोणी, कधी बदलला हे नंतर पाहता येते आणि बिघडलेली गोष्ट मागे नेता येते. बॅकअप वेगळा घ्यावा लागत नाही, कारण साइटची संपूर्ण प्रत तुमच्या संगणकावरही असते.

लेख मार्कडाउन या साध्या लेखनपद्धतीत लिहायचे असतात. फाइलच्या वरच्या भागात शीर्षक, दिनांक, लेखक आणि विषय लिहायचे आणि त्याखाली मजकूर. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या स्वरूपात जतन होते आहे याची खात्री करावी. ह्यूगोचा स्थानिक सर्व्हर सुरू केला की आपल्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये साइट दिसू लागते आणि मजकूर बदलून फाइल जतन करताच पान आपोआप ताजे होते. चार-पाच पाने तयार होईपर्यंत इथेच राहावे. साइट लगेच इंटरनेटवर नेण्याची घाई करू नये.

तीन अडचणी जवळजवळ प्रत्येकाला येतात. पहिली म्हणजे लेख लिहिला, पण साइटवर दिसत नाही. ह्यूगो नव्या लेखावर मसुदा अशी खूण करून ठेवते आणि ती काढेपर्यंत लेख प्रसिद्ध होत नाही. दुसरी अडचण भारतातील लेखकांना विशेष जाणवते. दिनांकासोबत वेळ हाताने लिहिली आणि साडेपाच तासांचा फरक नोंदवला नाही, तर ती वेळ जागतिक प्रमाणवेळ मानली जाते. सकाळी दहाचा लेख ह्यूगोच्या लेखी दुपारी साडेतीनचा ठरतो आणि भविष्यातील लेख म्हणून गाळला जातो. मुख्य कॉन्फिगरेशन (साइटच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये भारताची प्रमाणवेळ एकदा नोंदवली की हा प्रश्न मिटतो. तिसरी अडचण म्हणजे साइट इंटरनेटवर गेल्यावर सर्व मजकूर दिसतो, पण रंग, फॉण्ट आणि रचना गायब असते. याचे कारण बहुधा कॉन्फिगरेशनमध्ये साइटचा मूळ पत्ता चुकीचा लिहिलेला असणे हे असते. विशेषतः गिटहबवर साइट उपफोल्डरमध्ये असताना तो फोल्डर पत्त्यात लिहायचा राहतो.

साइट ठेवण्यासाठी गिटहबचीच गिटहब पेजेस ही सेवा पुरेशी आहे. तेथे साइटचा आकार १ जीबीपर्यंत असावा आणि महिन्याला साधारण १०० जीबी इतकी वाहतूक अपेक्षित धरलेली आहे. मोफत खात्यात साइटच्या फाइलींचे भांडार सर्वांना खुले ठेवावे लागते, म्हणून त्यात कोणतेही पासवर्ड किंवा सदस्यांची यादी ठेवू नये. ऑनलाइन दुकानासाठी ही सेवा नाही. छायाचित्रे जास्त असतील तर ती चढवण्यापूर्वी लहान करावीत. फोनमधून आलेले पाच-सहा एमबीचे छायाचित्र वेबसाठी दोनशे-तीनशे केबीत बसवता येते आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. स्टॅटिक साइट आपोआप वेगवान असते, हा समज अशा छायाचित्रांपुढे टिकत नाही.

चौथी पायरी: वर्डप्रेस निवडले असेल तर

वर्डप्रेस प्लेग्राउंड हे वर्डप्रेस ब्राउझरमध्येच, काहीही न बसवता चालवून पाहण्याचे साधन आहे. लिहिणाऱ्या प्रत्येकाने तेथे अर्धा तास काढावा आणि मगच होस्टिंगसाठी पैसे भरावेत. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीकडे न पाहता नूतनीकरणाचा दर पाहावा, कारण दुसऱ्या वर्षी तोच भरावा लागतो आणि तो बराच जास्त असतो.

बसवल्यानंतर पहिला लेख टाकण्यापूर्वी लेखांच्या पत्त्यांची रचना ठरवावी. मराठी साइटवर एक बारकावा येथे फार त्रास देतो. लेखाच्या पत्त्याला वर्डप्रेस २०० वर्णांची मर्यादा घालते आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलन्त पत्त्यामध्ये नऊ वर्णांच्या सांकेतिक रूपात लिहिले जाते. त्यामुळे बाविसेक अक्षर-चिन्हांनंतर पत्ता तुटतो. ‘सह्याद्रीतील पावसाळी रानफुले’ या शीर्षकाच्या लेखाचा पत्ता ‘सह्याद्रीतील-पावसाळी-रान’ येथेच थांबतो. शिवाय हा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते. म्हणून प्रत्येक लेखाचा पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत, स्वतः लिहावा. ह्यूगोमध्येही मी हाच नियम पाळतो.

वापरकर्त्यांच्या भूमिका विचारपूर्वक द्याव्यात. प्रशासकाचे अधिकार एक किंवा दोनच जणांकडे असावेत. कंट्रिब्यूटर या भूमिकेतील व्यक्ती लेख लिहू शकते, पण प्रसिद्ध करू शकत नाही. मात्र तिला छायाचित्रेही चढवता येत नाहीत, आणि हे वार्ताहरांना पहिल्याच दिवशी खटकते. ऑथर ही भूमिका दिली की छायाचित्रे चढवता येतात, पण मग प्रकाशनही संपादकाच्या नजरेखालून जात नाही. कोणती तडजोड स्वीकारायची, हे संपादकाने ठरवावे.

प्लगइन जितके कमी, तितके चांगले. प्रत्येक प्लगइन हा कोणीतरी लिहिलेला आणि पुढे कोणीतरी सांभाळायला हवा असा प्रोग्रॅम असतो. तो शेवटचा कधी अद्ययावत झाला, हे बसवण्यापूर्वी पाहावे. पैसे न भरता मिळालेल्या ‘प्रीमियम’ थीम कधीही वापरू नयेत, कारण त्यांत दुसऱ्याच कोणाचे काम करणारा कोड दडवलेला असू शकतो. बॅकअप फाइलींचा आणि डेटाबेसचा असा दोन्हींचा घ्यावा, तो त्याच सर्व्हरवर ठेवू नये, आणि वर्षातून एकदा तरी त्यातून साइट खरोखर उभी करून पाहावी.

पाचवी पायरी: शोध, अर्ज आणि प्रतिक्रिया

स्टॅटिक साइटवर या सोयी नसतात, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. संपर्काचा अर्ज गूगल फॉर्म्स किंवा तशा सेवेवर चालतो. वर्गणीसाठी यूपीआयचा क्यूआर कोड पानावर लावता येतो, मात्र पैसे कोणी भरले याची नोंद हाताने जुळवावी लागते. प्रतिक्रिया गिसकससारख्या साधनाने जोडता येतात, पण त्यासाठी वाचकाचे गिटहबवर खाते हवे, म्हणून साहित्याच्या साइटला ते निरुपयोगी आहे. सदस्यांचे लॉगिन किंवा दुकान हवे असेल, तर स्टॅटिक साइटला इतक्या बाहेरच्या सेवा जोडाव्या लागतात की तिचा साधेपणा उरत नाही. तेव्हा वर्डप्रेसच बरे.

शोधासाठी पेजफाइंड हे मोफत साधन तयार पानांवरून सूची बनवते आणि ती वाचकाच्या ब्राउझरमध्येच चालते. मराठीत मात्र शोधाची अडचण दोन्हीकडे आहे. वर्डप्रेसचा मूळ शोध अक्षरशः जुळणारी अक्षरे पाहतो. ‘शाळा’ शोधले तर ‘शाळेत’, ‘शाळेचा’ असे शब्द असलेला लेख सापडत नाही, कारण आपल्या भाषेत विभक्तीपूर्वी शब्दाचे रूप बदलते. यावर सर्वांत भरवशाचा उपाय जुना आहे: प्रत्येक लेखाला विषय, लेखक, वर्ष आणि साहित्यप्रकार नेमाने द्यावा आणि त्यावरून सूचीची पाने तयार करावीत. कथा, कविता, प्रवासवर्णने यांची लेखकनिहाय सूची वाचकाला शोधाच्या चौकटीपेक्षा अधिक उपयोगी पडते, आणि ह्यूगो अशा सूची आपोआप तयार करते.

मधला मार्ग

लिहिणाऱ्यांना वर्डप्रेसची सवय आहे, पण साइट निर्धास्त राहावी असे वाटते, अशा ठिकाणी दोन्हींचा मेळ घालता येतो. वर्डप्रेस एखाद्या संगणकावर किंवा बाहेरच्यांना बंद असलेल्या पत्त्यावर चालवायचे आणि सिम्पली स्टॅटिकसारख्या प्लगइनने सर्व पाने तयार करून तेवढीच इंटरनेटवर ठेवायची. लिहिण्याची सोय टिकते आणि उघडा डेटाबेस राहत नाही. दुसरीकडून येणारा मार्ग म्हणजे ह्यूगोला डेकॅप सीएमएससारखी संपादनाची खिडकी जोडणे. त्यात लेखक ब्राउझरमध्ये लिहितो आणि फाइली गिटमध्ये आपोआप जातात. दोन्ही मार्ग चांगले चालतात, मात्र पहिल्यांदाच साइट करणाऱ्याने ते दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावेत.

सहावी पायरी: वर्डप्रेसमधून स्टॅटिककडे जाताना

वर्डप्रेसच्या टूल्स विभागातून सर्व लेख एका एक्सएमएल फाइलमध्ये निर्यात होतात, पण त्या फाइलीत छायाचित्रे नसतात, केवळ त्यांचे पत्ते असतात. म्हणून छायाचित्रांचा अपलोड्स फोल्डर स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा. लेख मार्कडाउनमध्ये बदलण्यासाठी तयार साधने मिळतात. बदलल्यानंतर प्रत्येक प्रकारचा एक लेख, म्हणजे एक कविता, एक छायाचित्रांचा लेख, एक तळटीपा असलेला लेख, डोळ्यांखालून घालावा. कवितेच्या ओळी सलग होऊन जाणे ही येथील नेहमीची तक्रार आहे. मार्कडाउनमध्ये ओळ तोडायची असेल तर ओळीच्या शेवटी दोन रिकाम्या जागा किंवा उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

जुने पत्ते टिकवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. दुसऱ्यांच्या लेखांत, विकिपीडियावर, वाचकांच्या संग्रहात तुमचे जुने दुवे पसरलेले असतात. ह्यूगोमध्ये प्रत्येक लेखाच्या वरच्या भागात त्याचे जुने पत्ते नोंदवता येतात आणि तेथे येणारा वाचक नव्या पानावर पोहोचतो. आधी जुन्या साइटवरील सर्व पत्त्यांची यादी करावी, नवी साइट तात्पुरत्या पत्त्यावर उभी करून ती यादी एकेक करून तपासावी, आणि मगच डोमेन नव्या ठिकाणी वळवावे. डोमेन वळवल्यावर नवा पत्ता सगळीकडे पोहोचायला काही तास, क्वचित एखादा दिवस लागतो, म्हणून जुने होस्टिंग लगेच बंद न करता महिनाभर तसेच चालू ठेवावे आणि त्या काळात सापडलेल्या तुटक्या दुव्यांची दुरुस्ती करून मगच ते खाते मिटवावे.